या चुका टाळा: मुलांसाठी जुन्या ख्रिस्ती कादंबऱ्या निवडताना

भाचीला बारावं लागलं तेव्हा मी तिला ‘क्वो वाडिस’ दिली. नीरोचं रोम, संत पेत्र, संत पौल, सिंहांपुढे टाकलेले पहिले ख्रिस्ती. लिहिणारा हेन्रिक सिएन्किएविच, १९०५ सालचा नोबेलवाला. यात खोट काढायला जागा कुठे आहे? चौथ्या दिवशी जेवताना तिनं माझ्या आईसमोर विचारलं, “मावशी, नीरोच्या मेजवानीत ती माणसं नेमकं काय करत होती गं?” आईनं वरणाची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्या प्रकरणाच्या पानांना कडेनं स्टेपलरच्या सात पिना मारलेल्या होत्या.

कादंबरी उत्तमच आहे. चुकले मी. वीस वर्षांपूर्वी कॉलेजात वाचलेलं पुस्तक पुन्हा न चाळता हातात दिलं. मुलीला जाडजूड इंग्रजी वाचता येतं म्हणजे त्यातलं सगळं तिला पेलतंच असं नाही. आता ‘क्वो वाडिस’ मी नववी-दहावीच्या आधी कोणाला देत नाही.

पुढे आमच्या पल्लीतल्या (चर्चच्या परिसरातल्या) पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच आली. इंदूरच्या आमच्या मराठी कॅथलिक घरांतली मुलं घरात मराठी बोलतात, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. रविवारची हिंदी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपली की अर्धा तास कपाट उघडं असतं आणि हातात पोह्यांच्या प्लेटा घेऊन आया विचारतात, “माझ्या मुलाला काय देऊ?” त्यांना देताना माझ्या हातून झालेल्या आणि त्यांच्या हातून होताना पाहिलेल्या चुका इथे लिहिते आहे.

संक्षिप्त प्रत घेणे

ही चूक सगळ्यांत जास्त होते, कारण ती स्वस्तात होते. खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला ‘ला मिझराब्ल’ची मुलांसाठीची सव्वाशे पानी प्रत मिळाली, चाळीस रुपयांना. घरी येऊन बघते तर बिशप मिरिएल दोन पानांत आटपलेले. मूळ कादंबरीत (१८६२) ह्युगो नायकाला आणायच्या आधी चौदा प्रकरणं या म्हाताऱ्यावर खर्च करतो. बिशपचा प्रशस्त वाडा शेजारच्या इस्पितळाला देऊन हा त्यांच्या छोट्या इमारतीत राहायला जातो. वर्षाला मिळणाऱ्या पंधरा हजार फ्रँकांतले स्वतःसाठी एक हजारच ठेवतो. एवढं वाचून झाल्यावर मग ती रात्र येते. जाँ व्हालजाँ चांदीची भांडी चोरून पळतो, शिपाई त्याला धरून आणतात आणि बिशप म्हणतात, अरे, चांदीची शमादानं पण तुला दिली होती, ती कशी विसरलास? चौदा प्रकरणं वाचलेल्या मुलाला हे अगदी त्या माणसाला शोभेलसं वाटतं. सव्वाशे पानांच्या प्रतीत तो जादूचा प्रयोग होतो. चोर येतो, म्हातारा गोड बोलतो, चोर सुधारतो. माझ्या कपाटातून पुस्तकं नेणाऱ्या एका मुलानं ती प्रत वाचून मला विचारलं होतं, “बिशप थोडे वेंधळे होते का?”

‘हायडी’, डोंगरावर आजोबांकडे राहणाऱ्या मुलीची गोष्ट, तिचंही तेच. डोंगर, शेळ्या, चीज, चाकाची खुर्ची सगळं राहतं. पण तिची मैत्रीण क्लारा हिची आजी हायडीला प्रार्थना करायला शिकवते, आणि हायडीनं बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट वाचून दाखवल्यावर वर्षानुवर्षं गावाशी अबोला धरलेले आजोबा रविवारी चर्चमध्ये उतरतात, हे कित्येक छोट्या आवृत्त्यांतून गळतं. मग आजोबा बदलतात ते डोंगरावरच्या हवेनं!

विकत घेण्याआधी आतलं पान बघा. तिथे बारीक अक्षरांत ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ असतं. नंतर एकच प्रसंग शोधा, ज्याच्यावर पुस्तक उभं आहे. तो पान-दीड पानात उरकला असेल तर पुस्तक परत ठेवा. अख्खी प्रत झेपणार नसेल तर घ्या अख्खीच आणि तुम्ही निवडलेली प्रकरणं वाचा. काय गाळायचं ते अनोळखी संपादकावर का सोडायचं?

(‘ला मिझराब्ल’ एके काळी चर्चच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीत होती, हे कुठूनसं ऐकून एका आजोबांनी नातवाकडून ती काढून मला परत आणून दिली. ती यादीच १९६६ साली मोडीत निघाली, असं मी सांगितलं. ऐकून घेतलं, पुस्तक मात्र परत नेलं नाही.)

लेखकाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागणे

“लेखक आपल्यातला आहे ना?” हा प्रश्न दर रविवारी येतो. मार्क ट्वेन आपल्यातला नव्हता, धर्माची टवाळी करण्यात तर पटाईत. पण जोन ऑफ आर्कवरची त्याची कादंबरी (१८९६) त्याला स्वतःच्या सगळ्या पुस्तकांत जास्त आवडायची, आणि चर्चनं जोनला संत ठरवलं ते त्यानंतर, १९२० मध्ये. फ्रान्झ वेर्फेल ज्यू. १९४० मध्ये नाझींपासून पळताना तो फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री लपून राहिला आणि तिथे नवस बोलला, की सुखरूप अमेरिकेला पोचलो तर तिथल्या संत बर्नादेतची गोष्ट लिहीन. त्यानं नवस फेडला.

उलट चार्ल्स किंग्सली हा धर्मोपदेशकच होता, अँग्लिकन. त्याच्या ‘वेस्टवर्ड हो!’मध्ये (१८५५) समुद्र, जहाजं, लढाया बहारदार. पण स्पॅनिश माणूस आला की दुष्ट आणि जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) आला की कपटी. असली पुस्तकं शाळांच्या वाचनालयांत ‘अभिजात’ म्हणून ऐटीत बसलेली असतात आणि मुलगा मुकाट्यानं घरी येऊन आपल्या फादरांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. मी अशी पुस्तकं काढून टाकत नाही. जोडीला डिकन्सची ‘बार्नबी रज’ देते. डिकन्सही कॅथलिक नव्हता. पण १७८० साली लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध उसळलेली दंगल, जळणारी घरं, भांबावलेला जमाव त्यानं असा रंगवलाय की किंग्सलीवरचा उतारा आपोआप मिळतो.

कादंबरीला इतिहास समजणे

ही खोड मराठी घरांना नवी नाही. माधवराव आणि रमाबाई एकमेकांशी काय बोलले हे आपण ‘स्वामी’तून शिकलो आणि शपथेवर सांगत सुटलो. ख्रिस्ती कादंबऱ्यांत धोका जास्त, कारण शेजारीच शुभवर्तमान उभं असतं. ‘बेन-हर’ (१८८०) सुरू होते ती वाळवंटात भेटणाऱ्या तीन मागींपासून, म्हणजे बाळ येशूला बघायला निघालेल्या ज्ञानी माणसांपासून. एक इजिप्तचा, एक ग्रीक आणि तिसरा, मेल्खियोर, चक्क हिंदू! आमची मुलं खूश. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात मागींची नावं नाहीत, आणि ते तीन होते असंही लिहिलेलं नाही. भेटी तीन आहेत, एवढंच. ‘क्वो वाडिस’मध्ये रोम सोडून निघालेल्या पेत्राला वाटेत ख्रिस्त भेटतो तो प्रसंगही बायबलमध्ये नाही, जुन्या दंतकथेतला आहे.

यावर आमचा उपाय पेन्सिलीचा. मागच्या कोऱ्या पानावर दोन रकाने, ‘घडलेलं’ आणि ‘रचलेलं’. कार्डिनल वाइजमन यांच्या ‘फाबिओला’मधल्या (१८५४) संत अग्नेस आणि संत सेबास्तियन पहिल्या रकान्यात, नायिका फाबिओला दुसऱ्यात. मुलं वकिलासारखी भांडतात.

तिसाव्या पानावर अडकलेलं पुस्तक

जुन्या कादंबऱ्या हळू पेट घेतात. ‘बेन-हर’चा पहिला भाग सोडा, दुसऱ्यापासून सुरू करा. गच्चीवरून कौल निसटून रोमी अधिकाऱ्याच्या डोक्यात पडतं आणि नायक ज्यूदाचं घर उद्ध्वस्त होतं. मागींकडे मग नाताळात परत या. ‘फाबिओला’त प्रवचनं लांबतात, त्यातलं प्रभूशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) छातीशी धरून जाणाऱ्या लहानग्या तार्सिसियसचं प्रकरण तेवढं मोठ्यानं वाचा. तरी नाही जमलं तर पुस्तक कपाटात ठेवा. वाचनाला प्रायश्चित्त करू नका.

सगळे संत रोममध्येच

शेल्फावर नीरो, इंग्लंडचे ट्यूडर राजे आणि फ्रेंच क्रांती एवढंच असलं की मुलांना वाटतं, श्रद्धा म्हणजे गोऱ्या माणसांची गोष्ट. वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मेला, १८६२ साली संत झाला, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि मराठी वाचायला लाजणाऱ्या मुलाला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं १६१६ साली मराठी ओवीत छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ दाखवा. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) रोज दहा ओव्या पुरे. हसवायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. कादंबरी नाही, पण कादंबरीला भारी.

रक्त दिसलं की पान बंद

आईच्या सात पिनांकडे परत येते. मेजवानीच्या पानांना पिना मारणं एक वेळ समजू शकते. पण काही आया हुतात्म्यांच्या प्रकरणांनाही तसंच करतात. मुलांना हिंसा नको म्हणतात. मग उरतं ते सोज्वळ, गुळचट, आणि त्यात क्षमेला काही किंमतच नसते, कारण क्षमा करण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

भाची सोळाची झाल्यावर तिनं तीच प्रत पुन्हा मागितली. पिना तिनंच सुरीच्या टोकानं काढल्या. या वेळी मेजवानीवर ती काही बोलली नाही. ती अडली कादंबरीतल्या लबाड चिलोपाशी. चिलो ग्लॉकस या ख्रिस्ती वैद्याच्या कुटुंबाला विकतो, त्याला मारायला बघतो, ख्रिस्ती लोकांना पकडून देतो. शेवटी नीरोच्या बागेत खांबाला बांधून पेटवलेल्या ग्लॉकसकडे बघून किंचाळतो की मला क्षमा कर, आणि जळणारा माणूस क्षमा करतो.

“असं कोणी खरंच करतं का मावशी?”

सिस्टर राणी मारिया २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये होत्या. गोरगरीब शेतकऱ्यांना सावकारांपुढे उभं राहायला शिकवत म्हणून त्यांना सुऱ्यानं भोसकून मारलं. त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात राणी मारियांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा तो माणूस तिथे हजर होता. भाची त्या वेळी लहान होती. तिला काय आठवणार.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी उदयनगरच्या बसमध्ये बसलो. चर्चमध्ये कबरीपाशी ती बराच वेळ उभी होती. परतताना पुस्तक मांडीवर होतं, चिलोच्या पानात बसचं तिकीट खुणेला घालून.