रस कुणाला होतो?

साहित्य शिकायला तत्त्वज्ञान कशाला लागतं, असं बरेच जण विचारतात. मला ते एका परीक्षेत कळलं. एम.ए.च्या पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा होती, विषय रस, म्हणजे नाटक-काव्यातून मिळणारा आस्वाद. भट्ट लोल्लट, श्रीशंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त ही रसाचा विचार करणाऱ्या जुन्या संस्कृत पंडितांची चार नावं आणि उत्पत्तिवाद, अनुमितिवाद, भुक्तिवाद, अभिव्यक्तिवाद हे त्यांचे चार वाद मी पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवले. सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं. पण लोल्लटाच्या मते रस असतो कुणाच्या ठायी? रामाच्या, नटाच्या, की तुझ्या?" मी गप्प. माझ्या गाईडमध्ये हा प्रश्नच नव्हता.

सांगलीत राहून हा प्रश्न न सुचणं म्हणजे कृष्णाकाठी राहून पोहता न येणं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर'चा खेळ केला. कुणीतरी राम होऊन उभा राहिला आणि समोरच्यांनी त्याला राम मानलं. त्या मानण्यात नेमकं काय होतं? निव्वळ भ्रम असता तर खेळ संपल्यावर लोक 'फसवलंत' म्हणून भांडले असते.

शंकुकाचं उत्तर मला वर्गात नाही, घरी कळलं. दादाची चार वर्षांची पोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून म्हणाली, "आत्या, घोडा!" तो खरा घोडा आहे असं तिला वाटलं नव्हतं, ती काही चारा आणायला धावली नाही. नसलेला घोडा दिसण्याची चूकही ती करत नव्हती. असेल की नसेल अशी शंका तिला नव्हती, आणि 'घोड्यासारखं काहीतरी' असंही ती म्हणाली नाही. सम्यक्, मिथ्या, संशय, सादृश्य या चारही खणांत न बसणारी ही प्रतीती, आणि हाच चित्रतुरगन्याय, म्हणजे चित्रातल्या घोड्याचा दाखला. नटाकडे बघून 'हा राम' असं वाटतं ते या जातीचं. हे खण काव्यातून आलेले नाहीत. ज्ञान कशाला म्हणायचं याचा काथ्याकूट करणाऱ्या दर्शनांतून ते आले. धुरावरून अग्नी ओळखावा तसा नटाच्या हावभावांवरून प्रेक्षक भाव ओळखतो, हे शंकुकाचं पुढचं म्हणणं. अनुमान म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर अनुमितिवाद हा नुसता पाठ करायचा शब्द राहतो. आणि ठाऊक असेल तर त्यातली खोटही लगेच दिसते: धुरावरून आग आहे एवढं कळतं, ऊब मिळत नाही.

भट्टनायक नेमका तिथे बोट ठेवतो. रंगमंचावरचं दुःख माझं असेल तर मी पैसे देऊन रडायला कशाला जाईन? परक्याचं असेल तर मला काय त्याचं? म्हणून तो साधारणीकरण आणतो: दुःख ना माझं, ना त्याचं, ना तिसऱ्या कुणाचं. अभिनवगुप्त हे साधारणीकरण घेतो, पण रस बाहेरून आणत नाही. वासना, म्हणजे मनात रुजलेले भावांचे संस्कार, प्रेक्षकात आधीच असतात, विघ्नं दूर झाली की त्या उजळतात. काश्मीरच्या शैव दर्शनाला धरून चालणाऱ्या माणसाने असं म्हणावं यात नवल नाही. (लोल्लट मीमांसक, शंकुक नैयायिक, भट्टनायक सांख्य ही दर्शनांची लेबलं परीक्षेत चालतात, अभ्यासक त्यांवर अजून भांडतात, तेव्हा फार विश्वासून राहू नका. सरांच्या प्रश्नाचं उत्तर: मुख्यतः रामाच्या, आणि अनुसंधानाने, म्हणजे नट स्वतःला रामाशी जोडून घेतो म्हणून, नटाच्या. मी कुठेच नव्हते.)

पश्चिमेकडेही तेच, समीक्षेच्या मुळाशी तत्त्वज्ञान. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात तीन खाटा आहेत: एक मूळ कल्पनारूप, दुसरी सुताराची, तिसरी चित्रकाराची. खरं काय ते कल्पनेच्या लोकात, असं एकदा मानलं की कलावंत सत्यापासून तिसऱ्या पायरीवर जाणारच. ॲरिस्टॉटल त्याचाच विद्यार्थी, शब्दही तोच, अनुकृती. पण रूप वस्तूतच असतं असं मानणारा. म्हणून तो बेधडक लिहितो की इतिहासापेक्षा काव्य अधिक तात्त्विक आहे. कवितेबद्दलचं हे भांडण मुळात खाटेबद्दलचं आहे. कोणताही समीक्षक हातात घेतलात की आधी विचारा, याच्या मते खरी खाट कुठली?

आता उलट बाजूची चूक, तीही माझीच. तत्त्वज्ञानाची चटक लागल्यावर मर्ढेकरांच्या उंदरांच्या कवितेवर मी अठरा पानांचा निबंध लिहिला. अस्तित्ववाद, परात्मता, यंत्रयुग, सगळं होतं. मार्गदर्शक मॅडमनी समासात एकच ओळ लिहिली: "यात उंदीर कुठे आहेत?" मग त्यांनी 'पिपांत मेले ओल्या उंदिर' या पहिल्या ओळीतल्या 'ओल्या' या विशेषणावर पेन ठेवला. ते पिपाचं विशेषण, पण जाऊन बसलंय उंदरांच्या शेजारी. पीप ओलं, आणि वाचताना ओल लागते मेलेल्या अंगांना. अठरा पानांत हे एकदाही आलं नव्हतं. मर्ढेकर स्वतः सौंदर्याचा विचार लयीच्या अंगाने करतात, संवाद, विरोध आणि समतोल या भाषेत. म्हणजे त्यांच्याच तत्त्वज्ञानाने मला शब्दांच्या जागेकडे नेलं असतं. मी मात्र अस्तित्ववाद्यांच्या पॅरिसला जाऊन आले.

वाचायला सुरुवात 'सौंदर्यमीमांसे'पासून करू नका. रा. भा. पाटणकरांचा हा ग्रंथ १९७४चा आणि मोलाचा, पण जर्मन तत्त्वज्ञ कांट अजिबात माहीत नसताना तो उघडला की माणूस खचतो. मी दोनदा खचले. त्याआधी मराठी विश्वकोशातल्या नोंदी वाचा. वाईत तयार झालेला हा कोश आता मोबाईलवर फुकट मिळतो. बी.ए.ला असाल आणि तत्त्वज्ञान हा विषय घेता येत असेल तर घ्या, निदान तर्कशास्त्राची तोंडओळख होते. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना याचा फायदा होतो. नोकरीचं विचाराल तर मी सेट होऊन सहा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या कामावर, शिकवते. इथे यायचं ते हे धरूनच.

त्या तोंडी परीक्षेनंतर मी एक वही घातली. प्रत्येक पानाला तीन रकाने: समीक्षक काय म्हणतो, ते म्हणण्यासाठी त्याने आधी काय गृहीत धरलंय, आणि ते कुठल्या ओळीवर टिकतं किंवा कोसळतं. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहायचा. २०१९च्या महापुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी आलं, वही भिजली. शाई उतरून भट्टनायकाचं पान निळं झालंय, वाचताच येत नाही. त्याचा 'हृदयदर्पण' हा ग्रंथ तरी कुठे उरलाय? अभिनवगुप्ताने खोडून काढण्यासाठी त्याची मतं उतरवून घेतली, मुख्यतः तेवढाच तो आपल्याला वाचायला मिळतो. परवा तिथूनच घेऊन ते पान पुन्हा लिहिलं.