लिप बाम घेताना घटकांची यादी कशी वाचावी

ठाण्यात राम मारुती रोडवरच्या दुकानात लिप बाम मागितला, की पहिला प्रश्न येतो तो "कोणता फ्लेवर देऊ?" वास्तविक स्वाद ही यादीत सर्वांत शेवटी पाहायची गोष्ट आहे, आणि पुष्कळदा ओठांना त्रास होतो तोही तिच्यामुळेच.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करावा. "माझी त्वचा तेलकट आहे, मला बाम कशाला?" असे आपण सहज म्हणतो, परंतु ओठांच्या लालसर भागात तैलग्रंथी सहसा नसतात आणि तेथील त्वचेचा वरचा थर गालावरच्या थरापेक्षा बराच पातळ असतो, त्यामुळे चेहरा कितीही तेलकट असला तरी ओठ कोरडे पडू शकतात. त्वचेच्या प्रकाराचा विचार करावा लागतो तो ओठांच्या कडेसाठी, कारण लावलेला बाम दिवसभरात तेथे पसरतोच.

यानंतर वेष्टन उलटे करून यादी वाचावी. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार घटकांची यादी छापताना ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. म्हणून पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'शिया बटर' लिहिलेले असले आणि यादीत ते सुगंधाच्याही नंतर येत असले, तर ते नावापुरतेच आहे असे समजावे. तुलना करायच्या दोन्ही बामांची पहिली पाच नावे शेजारी शेजारी लिहून काढावीत. डबीवरची अक्षरे इतकी बारीक असतात की मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून वाचणे बरे. नावे लॅटिन असल्याने बिचकू नये: सेरा आल्बा म्हणजे मधमाश्यांचे मेण, रिसिनस कम्युनिस म्हणजे एरंडेल, ब्युटिरोस्पर्मम पार्की म्हणजे शिया बटर आणि गार्सिनिया इंडिका म्हणजे आपले कोकम.

आता प्रत्येक नावापुढे त्याचे काम लिहावे. पेट्रोलॅटम (म्हणजेच पेट्रोलियम जेली), मेण आणि डायमेथिकोन (एक सिलिकोन) ओठांवर थर धरून आतील ओलावा बाहेर जाऊ देत नाहीत. शिया बटर, कोकम बटर, एरंडेल, बदाम तेल ओठ मऊ करतात. ग्लिसरीन, मध आणि हायल्युरोनिक आम्ल पाणी ओढून धरतात. मात्र हवा कोरडी असेल तर ते पाणी त्वचेच्या आतल्या थरातूनच ओढले जाऊ शकते, म्हणून त्यांच्या जोडीला थर धरणारा एखादा घटक असलाच पाहिजे. ऐरोली-महापेच्या कार्यालयांत दिवसाचे आठ-नऊ तास वातानुकूलित हवेत बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बाहेर पावसाळी दमटपणा असला तरी आत ओठ सुकतातच.

प्रत्यक्ष निवड करताना, कोरड्या आणि सोलवटणाऱ्या ओठांसाठी पेट्रोलॅटम किंवा मेण पहिल्या दोन-तीन नावांत असावे. साधी पेट्रोलियम जेली दिसायला सामान्य असते, पण महागड्या डब्यांच्या तुलनेत ती क्वचितच कमी पडते, असे माझे मत आहे. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे ओठ हमखास फुटतात, त्यांनाही तीच बरी. ज्यांना ओठांच्या कडेला पुटकुळ्या येतात, त्यांनी खोबरेल आणि कोको बटर यादीत वर असलेले बाम टाळून पाहावेत, आणि कोणताही बाम लाल भागापुरताच लावावा.

संवेदनशील त्वचेसाठी यादी जितकी लहान तितकी चांगली. मेंथॉल, कापूर, निलगिरी, दालचिनी, पुदिना, सॅलिसिलिक आम्ल तसेच 'परफ्यूम' किंवा 'अरोमा' हे शब्द दिसले तर बाम परत ठेवावा. माझी भाची पुदिन्याचा एक बाम दिवसातून आठ-दहा वेळा लावत असे. लावल्यावर गार वाटायचे, तासाभरात ओठ चुरचुरायचे आणि ती पुन्हा बाम लावायची. तो बंद करून बिनवासाची जेली सुरू केल्यावर चक्र थांबले. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ), मेण, इतकेच काय एरंडेलाचीही काहींना ॲलर्जी असते, त्यामुळे 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबू नये.

घरगुती पर्याय म्हणून कोकणातून आलेल्या कुटुंबांत कोकमाचे मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, आजही सापडते. ते घट्ट असते. जरासा तुकडा पळीत कोमट करून बोटाने लावावा. खोबरेल सुमारे 24 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ते जास्त असलेली कांडी एप्रिल-मेमध्ये पर्समध्येच पातळ होते, आणि ठाणे-पनवेल लोकलच्या गर्दीत ती उघडणाऱ्याच्या ओढणीला तेलाचा डाग पडतो. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंशांना वितळते, म्हणून मेण पुरेसे असलेली कांडी उन्हाळ्यात टिकते. उन्हात फिरावे लागत असल्यास एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचे माप) 30 किंवा अधिक असलेला बाम घ्यावा. ऊन अडवणाऱ्या घटकांपैकी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड संवेदनशील ओठांना सहसा मानवते.

नवा बाम थेट ओठांवर लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर तो दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावावा. खाज किंवा लाली आली नाही तरच ओठांवर लावावा. ओठांच्या कोपऱ्यांना पडलेल्या चिरा दोन-तीन आठवड्यांत भरल्या नाहीत, तर कारण बुरशीसंसर्ग, लोहाची किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. अशा वेळी बाम बदलत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि जाताना बामबरोबर टूथपेस्टचेही वेष्टन न्यावे, कारण पुदिना आणि दालचिनी तिच्यातही असतात.