नेत्याच्या वाक्यात कर्ता शोधा

नेत्याचं उत्तर ऐकताना आधी क्रियापद पकडा आणि विचारा, हे केलं कोणी? ‘चुका झाल्या’, ‘निर्णय घेण्यात आला’ अशा वाक्यांत काम दिसतं, करणारा गायब असतो. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन १९८७ मध्ये संसदेपुढच्या भाषणात म्हणाले होते, गंभीर चुका झाल्या. कोणाच्या, ते त्या वाक्यात नव्हतंच.

पैशाच्या बाबतीत तर जास्तच कान टवकारा. तरतूद केली, मंजुरी दिली, निधी वितरित झाला, खर्च झाला या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. भाषणात बहुतेकदा पहिलीचा आकडा सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काम उरकलं. म्हणून थेट विचारा, आजवर प्रत्यक्ष खर्च किती झाला आणि कशावर?

‘लवकरच’, ‘योग्य वेळी’, ‘सकारात्मक विचार सुरू आहे’ यांना एकच कसोटी लावा: हे विधान पुढे कधी खोटं ठरू शकेल का? नसेल, तर ते आश्वासन नाहीच. ‘आरोप सिद्ध झालेला नाही’ म्हणजे ‘मी हे केलं नाही’ असंही नव्हे.

मात्र प्रत्येक सावध वाक्य म्हणजे लबाडी, असं धरू नका. चौकशी चालू असताना ‘आत्ता बोलता येणार नाही’ हे खरंही असतं. अशा वेळी मग कधी बोलणार, एवढं विचारून तारीख लिहून ठेवा.