वीजवाहिन्यांची ड्रोनने तपासणी: या चुका टाळा

वीजवाहिन्यांच्या तपासणीसाठी उडवलेल्या ड्रोनची छायाचित्रे आणि अहवाल माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यांत त्याच त्या चुका इतक्या नेमाने भेटतात की पहिली चार पाने पाहिल्यावर पाचव्यावर काय असेल हे सांगता येते. ड्रोन हवेत नेणे हे या कामाचे सर्वांत सोपे अंग आहे. अमुक मनोऱ्यावरचा अमुक जोड सुस्थितीत आहे की नाही हे छातीठोकपणे सांगणे अवघड असते, आणि नवशिक्यांचे लक्ष नेमके तिथे नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक ‘रिटर्न टू होम’च्या, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोन आपोआप परत येतो त्या वाटेच्या उंचीची. बहुतेक ड्रोनमध्ये ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, ड्रोनच्या खाली असलेल्या जमिनीपासून नव्हे. डोंगरउतारावरच्या एका दुहेरी सर्किटच्या (एकाच मनोऱ्यावर तारांचे दोन संच असलेल्या) वाहिनीवर आमच्यासोबत असलेल्या उत्साही तरुणाने, मनोरा 45 मीटरचा आहे म्हणून परतीची उंची 60 मीटर ठेवली. मनोऱ्याचा पाया आम्ही उभे होतो त्या जागेपेक्षा 30 मीटर वर होता, म्हणजे शेंडा 75 मीटरवर, हे त्याच्या हिशेबात आलेच नाही. ड्रोन वाहिनीच्या पलीकडे, खालच्या फेजच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या तारेच्या इन्सुलेटरजवळ असताना सिग्नल तुटला. ड्रोन आज्ञेप्रमाणे 60 मीटरवर चढला, नाकासमोर आमच्याकडे निघाला आणि मधल्या फेजच्या तारेवर आदळून खाली आला. अडथळा ओळखणारे सेन्सर चालू होते, पण बारीक तार त्यांना भरवशाने दिसत नाही. माथ्यावरची अर्थ वायर (विजेपासून संरक्षण देणारी, जमिनीशी जोडलेली तार) तर फेजच्या तारेहूनही बारीक असते. ड्रोन गेला त्याचे फारसे दुःख नव्हते, परंतु तारेचे पदर तुटले आहेत का हे पाहण्यासाठी वाहिनी बंद करून घ्यावी लागली, आणि त्याबद्दलची बोलणी मला खावी लागली.

तेव्हापासून मी परतीची उंची त्या टप्प्यातल्या सर्वांत उंच अर्थ वायरच्या 20 मीटर वर, तीही उड्डाणाच्या जागेपासून मोजून ठेवतो. तारांजवळ काम चालू असताना सिग्नल गेल्यास ड्रोनने जागीच थांबावे अशी सेटिंग करतो आणि मग स्वतः चार पावले चालून सिग्नल मिळवतो. पलीकडची बाजू पाहायची असेल तर मी स्वतःच पलीकडे जातो. यात अर्धा तास जास्त जातो हे खरे आहे, पण तारांखालून ड्रोन काढण्याची हौस असलेल्या माणसाला मी दुसऱ्यांदा सोबत नेत नाही.

दुसरी चूक थर्मल कॅमेऱ्याची, म्हणजे तापमान दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची. जोडात निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे लोड (वाहिनीतून वाहणारा प्रवाह) निम्मा असताना ती चौथाईवर येते आणि खराब जोडही निरोगी दिसतो. वारा असेल तर आणखीच. तरीही तपासणीच्या वेळी लोड किती होता याची नोंद नसलेले अहवाल सर्रास येतात. अंतराचेही तेच. 640 × 512 पिक्सेलचा, 12 मायक्रॉन पिक्सेलचा आणि 13.5 मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा 20 मीटरवरून पाहताना एक पिक्सेल सुमारे 18 मिलिमीटर जागा व्यापतो, आणि विश्वासार्ह तापमानासाठी वस्तूवर किमान 3 × 3 पिक्सेल बसावे लागतात. म्हणजे 53 मिलिमीटरहून लहान वस्तूच्या आकड्यात मागच्या थंड आकाशाचे तापमान मिसळते. शिवाय नवी, चकचकीत ॲल्युमिनियम तार स्वतःच्या उष्णतेपेक्षा आकाशाचे प्रतिबिंबच जास्त दाखवते. म्हणून मी एकट्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. तीनही फेजवरचे तेच जोड, त्याच अंतरावरून आणि त्याच कोनातून पाहून तुलना करतो. रंगांची पट्टी आपोआप बदलू दिली, तर दोन अंशांचा फरकही आग लागल्यासारखा दिसतो आणि घाबरट अहवाल तयार होतो. कोरोना, म्हणजे उच्च दाबामुळे तारेभोवतीच्या हवेत होणारा विद्युत विसर्ग, मात्र थर्मल कॅमेऱ्यात शोधू नये, त्यासाठी अतिनील किरणांचा कॅमेरा लागतो.

उरलेल्या चुका थोडक्यात. लोखंडी मनोऱ्याशेजारी किंवा गाडीच्या टपावर कंपास कॅलिब्रेट करू नये. उपकेंद्राला कळवून ऑटो-रिक्लोज (बंद पडलेली वाहिनी आपोआप पुन्हा चालू करणारी यंत्रणा) बंद करून घेतल्याशिवाय उड्डाण करू नये, कारण ड्रोनमुळे वाहिनी ट्रिप झाली तर ती क्षणात पुन्हा चालू होऊ शकते. उजळ आकाशासमोर इन्सुलेटरची काळी सावलीच मिळते, तेव्हा एक्स्पोजर वाढवावे. निखळलेली स्प्लिट पिन (जोडातला खिळा निसटू नये म्हणून घातलेली छोटी दुभंगी पिन) तशा चित्रात दिसणारच नाही, आणि डिजिटल झूमने ती उगवतही नाही.

छायाचित्रांच्या नोंदीतला जीपीएस ड्रोनची जागा सांगतो, मनोऱ्याची नव्हे. म्हणून प्रत्येक मनोऱ्यावर मी पहिले छायाचित्र त्याच्या क्रमांकाच्या पाटीचे घेतो, मगच वर जातो. थर्मल चित्रे मूळ फाइलच्या स्वरूपातच मागतो, कारण मेसेजिंग ॲपवरून पाठवलेल्या चित्रात रंग उरतात, तापमान उरत नाही.