किल्ट घरी वाळवताना: स्कॉटलंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

स्कॉटलंडमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेल्या मराठी घरात किल्ट, म्हणजे पुरुषांनी कंबरेला गुंडाळायचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार स्कॉटिश पोशाख, कधी ना कधी येतोच. विद्यापीठातील ‘केली’चा (स्कॉटिश लोकनृत्याच्या मेळाव्याचा) नाच, 25 जानेवारीची कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणाची बर्न्स नाइट, सहकाऱ्याचे लग्न, हॉटेलातील नोकरीचा गणवेश किंवा मुलाचा पाइप बँड (बॅगपाइप वाजवणारे पथक), निमित्त कोणतेही असो, किल्ट अंगावर चढतो आणि बहुधा पहिल्याच फेरीत भिजून घरी परततो. ग्लासगोत वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो आपल्याकडच्या पावसाळ्याप्रमाणे चार महिन्यांत उरकत नाही. एडिनबरात त्याहून कमी पडतो, पण डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे ‘उन्हात टाकले की झाले’ ही आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. नव्याने आलेली मंडळी मग रेडिएटर किंवा ड्रायरकडे वळतात आणि महागाचे वस्त्र खराब करून बसतात. वास्तविक या कामाला उष्णता नको, वारा हवा; आणि वारा फुकट असतो.

पारंपरिक पुरुषी किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागते, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा वारभर कमी. पुढच्या बाजूला दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि उरलेले बहुतेक कापड मागच्या चुण्यांमध्ये जाते. या चुण्या कंबरेपासून नितंबापर्यंत शिवलेल्या असतात आणि त्याखाली केवळ इस्त्रीच्या जोरावर उभ्या राहतात. असा किल्ट कोरडा असतानाच दीड-पावणेदोन किलोचा भरतो. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा हाताला ओली न लागता सामावून घेते. म्हणूनच बाहेरून कोरडा वाटणारा किल्ट कंबरेजवळ, जिथे चुण्यांचे थर आणि आतले अस्तर एकत्र येतात, तिथे दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो. तिथे हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. गार लागले तर तो अजून वाळलेला नाही असे समजावे.

घरी येताच पहिले काम म्हणजे पिन, स्पोरन (कंबरेला पुढे साखळीने लटकणारी पिशवी) आणि पट्टा काढून वेगळे ठेवणे. पिन ओल्या कापडात राहिली तर गंजाचा डाग पडतो आणि स्पोरनच्या साखळीने लोकर घासली जाते. त्यानंतर किल्ट पलंगावर उलटा पसरून सुती पंचाने दाबून दाबून पाणी टिपावे. घासू नये आणि पिळण्याचा तर विचारही करू नये, कारण उष्णता, ओलावा आणि घर्षण एकत्र आले की लोकर आकसून घट्ट होते आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही. भारतातून आणलेला पंचा या कामी जाड टॉवेलपेक्षा सरस ठरतो, असे माझे मत आहे. पाणी टिपून झाल्यावर प्रत्येक चुणी कंबरेकडून खाली बोटांनी सरळ करावी आणि काठापासून चार बोटे वर सुती दोऱ्याचा एक सैल धावदोरा सर्व चुण्यांमधून घालावा. या कामाला वेळ लागतो, परंतु ते केले नाही तर पुढे इस्त्रीवर त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. बूट-मोज्यांवरून उडालेला चिखल तसाच राहू द्यावा. तो वाळल्यावर कपड्याच्या ब्रशने सहज निघतो.

टांगण्यासाठी जुन्या टेनेमेंट घरांतील (अनेक मजली दगडी इमारतींतील सदनिकांमधील) पुली ही उत्तम सोय आहे. छताला दोरीने टांगलेली, लाकडी पट्ट्यांची ही चौकट वरखाली करता येते, आणि घरातली उबदार हवा वर जात असल्याने तिथे कपडे चांगले वाळतात. किल्टची बक्कले सोडून त्याचा कमरपट्टा पूर्ण लांबीने एका पट्टीवर धरावा आणि वीतभर अंतराने लाकडी चिमटे लावावेत. चिमटा कमरपट्ट्यालाच लावावा. चुण्यांच्या खालच्या काठाला लावल्यास तिथे खूण उमटते. अडचण एवढीच की पुली बहुतेक वेळा स्वयंपाकघरात असते आणि लोकर वास चटकन शोषून घेते. हिंगाची फोडणी घातलेल्या स्वयंपाकघरात रात्रभर लटकलेला किल्ट घालून लग्नाला गेल्यास आपण कुठून आलो हे सांगावे लागत नाही. तेव्हा त्या दिवशी जेवण बाहेर घ्यावे किंवा किल्ट दुसऱ्या खोलीत टांगावा.

ज्यांच्या घरी पुली नाही त्यांनी दारावर अडकवायचा आकडा आणि चिमट्यांचे दोन मजबूत हँगर घ्यावेत. पातळ प्लास्टिकचा हँगर ओल्या किल्टच्या वजनाने वाकतो आणि कमरपट्ट्याला कायमची पोक येते. भाड्याच्या घरात भिंतीला खिळे ठोकण्याचा मोह टाळावा. किल्ट भिंतीला चिकटवून टांगू नये, तर मागून हवा खेळेल इतके अंतर सोडावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि पंखा असल्यास तो कमी वेगाने लावावा. न्हाणीघरात टांगणार असाल तर हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असलाच पाहिजे, नाहीतर कपड्यातले पाणी भिंतींवर बसते आणि हिवाळ्याअखेर कोपऱ्यात काळी बुरशी दिसू लागते.

पैसे खर्च करायचेच असतील तर तापणाऱ्या स्टँडऐवजी हवेतील ओलावा शोषणाऱ्या यंत्रावर, म्हणजे डीह्युमिडिफायरवर, करावेत. तो केवळ किल्टसाठी घेणे परवडणार नाही, परंतु येथील हिवाळ्यात घरातले सगळेच कपडे आत वाळवावे लागतात. साधारण दोनशे वॅटचे यंत्र पाच तासांत एक युनिट वीज घेते. खोलीचे दार-खिडकी बंद करून ते चालवले, तरच त्याचा उपयोग होतो. रेडिएटरवर किल्ट टाकण्याचे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण चामड्याचे पट्टे कडक होऊन तडकतात. रात्री तापून दिवसभर ऊब देणाऱ्या स्टोरेज हीटरवर तर कोणतेच कापड ठेवू नये. त्याने आग लागू शकते. ड्रायरचा प्रश्नच येत नाही. इमारतीमागच्या सामाईक बॅक ग्रीनवर दोऱ्या असतील तर कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी तिथे सावलीत टांगावा. मात्र कुठे कुठे शेजाऱ्यांचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून घ्यावे.

वर सांगितलेले सारे लोकरी किल्टसाठी आहे. पर्यटकांच्या दुकानांतील स्वस्त किल्ट बहुधा पॉलिएस्टर-व्हिस्कोजचे असतात. त्यांवरील चिठ्ठी परवानगी देत असेल तर चुण्यांना धावदोरा घालून ते थंड पाण्यात यंत्रात धुता येतात, आणि ते लवकर वाळतात. लोकरी किल्ट फार क्वचित धुवावा लागतो. डाग तेवढा पुसावा, वारा द्यावा, पुष्कळ वर्षांत एखाद्या वेळी ड्राय क्लीनिंगला द्यावा. भाड्याने आणलेला किल्ट मात्र स्वतः कधीही धुऊ नये. तो नुसता टांगून वाळवावा आणि भिजल्याचे परत देताना सांगावे. ओलाच पिशवीत कोंबून परत दिल्यास अनामत रकमेवरून वाद होतात.

इस्त्री करताना धावदोरा तसाच ठेवून वर ओला सुती कपडा पसरावा आणि इस्त्री न सरकवता उचलून-टेकवून दाबावी. दोरा अगदी शेवटी काढावा. प्रवासात किंवा कपाटात जागा नसल्यास चुण्यांना समांतर गुंडाळी करून ती जुन्या नायलॉनच्या पायमोज्यात सरकवावी. ठेवण्यापूर्वी किल्ट स्वच्छ आणि पूर्ण वाळलेला असल्याची खात्री करावी, कारण येथे कसरीचा उपद्रव पुष्कळ आहे आणि तिच्या अळ्यांना मळकी, घामाची लोकर विशेष आवडते. डांबरगोळ्या येथे विकण्यास बंदी आहे. सामानातूनही आणू नयेत. कसरीची शंका आल्यास किल्ट बंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर त्यावर दव धरून तो पुन्हा ओला होतो.