नव्या सेडानच्या रूपावरून घरात दोन तट पडले तर

नागपुरात सक्करदऱ्याकडे माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. सत्तावीस वर्षं पत्र्यावर हात फिरवतो आहे, म्हणून गाडी घ्यायच्या आधी नातेवाईक आणि गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास घेऊन येतात: "भाऊ, दिसायला कशी वाटते?" इंजिन, मायलेज याबद्दल सहसा कोणी विचारत नाही, ते सगळं मोबाईलवर वाचून झालेलं असतं. भांडण असतं ते रूपावर. आणि सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली गाडी, घरातल्या चार-पाच जणांना मिळून वापरायची असल्याने ते चांगलंच रंगतं.

गेल्या दसऱ्याच्या आधी मानेवाड्याला माझ्या ताईच्या घरी हेच झालं. गाडी ठरली होती, बुकिंगचे पैसे तेवढे भरायचे राहिले होते. पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची पट्टी, मागे डिकीपर्यंत उतरत गेलेलं छत, अशी नव्या धाटणीची सेडान. भाऊजींनी ती बघताच म्हटलं, "हे काय तोंड आहे बाप्पा! मासोळीसारखं." ताई म्हणाली, "मलेबी नाई आवडली." भाचा चिडला. सूनबाईंना गाडी आवडली होती, पण सासरे बोलल्यावर त्या गप्प बसल्या. भाऊजींच्या आईंना कोणी विचारलंच नाही. मग मला फोन आला: "मामा, तुम्हीच सांगा आता."

मी निकाल दिला नाही. त्यांच्याकडून काय करून घेतलं ते इथे लिहितो, कोणालाही घरी करता येईल.

पहिलं म्हणजे मोबाईलवरचे फोटो बंद. गाडीजवळ उभं राहून मोबाईलने फोटो काढला की जे जवळ ते फुगतं आणि जे लांब ते आक्रसतं. समोरून काढलेल्या फोटोत ग्रिल, म्हणजे तोंडावरची जाळी, राक्षसाच्या जबड्यासारखी दिसते, मागचा भाग चिमूटभर उरतो. शोरूममध्येही तीच अडचण आहे. वरून दिव्यांचा झगमगाट, खाली चकाकती फरशी, आणि चार पावलं मागे सरायचं म्हटलं तर पाठीला दुसरी गाडी लागते. साडेचार मीटरची गाडी दीड मीटरवरून बघून तिचा बांधा कळत नाही. सेल्समनला सांगून टेस्ट ड्राइव्हची गाडी उघड्यावर लावून घ्या आणि दहा-बारा पावलं दूर जा. एकदा उभ्याने बघा, एकदा उकिडवं बसून बघा. बसून बघितल्यावर चाकं आणि पत्रा यांचा मेळ जमला आहे की नाही ते लगेच समजतं.

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची धरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी बारा वाजता कोणतीही गाडी नुसता तापलेला पांढरा ठोकळा दिसते. ऊन तिरपं झालं की दारावरच्या क्रीज, म्हणजे पत्र्याला दिलेल्या धारदार घड्या, सावली धरतात. गाडी बनवणाऱ्याने कुठे मेहनत घेतली ते त्या वेळी दिसतं.

दुसरं काम चिठ्ठ्यांचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. "आवडली नाही" एवढं उत्तर घ्यायचंच नाही. प्रत्येकाच्या हातात कागद द्यायचा. पुढून, बाजूने, मागून आणि आत बसून, अशा चारही ठिकाणी काय खटकतं ते ज्याने त्याने आपापलं लिहायचं. एकमेकांशी बोलायचं नाही, आणि घरातल्या मोठ्या माणसाने सर्वांत शेवटी तोंड उघडायचं. भाऊजी पहिले बोलले आणि तिथेच बाकीच्यांची मतं वाकली होती. आजींना लिहिणं जमत नव्हतं, त्यांचं मी लिहून घेतलं.

चिठ्ठ्या उघडल्यावर भांडणाचं रूपच पालटलं. ताईच्या कागदावर गाडीच्या तोंडाबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने लिहिलं होतं: "मागे बसल्यावर विहिरीत बसल्यासारखं वाटतं." आजींचं म्हणणं, "आत शिरताना डोक्शाले लागते." भाऊजींची तक्रार खरोखर तोंडाबद्दलच होती, पण त्यांना दिव्याची पट्टी नव्हे, तिच्याखालची काळी जाळी खटकत होती. भाच्याला मागचा दिवा फार आवडला होता. सूनबाईंनी लिहिलं होतं की बाजूने गाडी देखणी आहे, फक्त मागची काच बारीक आहे.

दोन तट समजत होतो, निघाल्या तीन वेगळ्या गोष्टी. त्यातली एक निव्वळ रुचीची. उरलेल्या दोन दिसण्यातून निघालेल्या असल्या तरी मुळात बसण्या-उठण्याच्या होत्या. आजकाल खिडकीखालची रेघ पुढून मागे चढत नेतात, तिला बेल्टलाइन म्हणतात. तिने गाडी झेपावल्यासारखी दिसते. पण ती जितकी चढते तितकी मागची काच आखूड होते आणि मागे बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दाराचा पत्रा येतो. छताचंही तसंच. मागे लांबपर्यंत उतरतं छत बाहेरून सुरेख दिसतं, पण मागच्या दाराची चौकट वरून खाली येते आणि गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला मान वाकवून शिरावं लागतं. म्हणून रूपावर वाद घालणाऱ्या प्रत्येकाला आधी मागच्या सीटवर पाच मिनिटं बसवा, दार लावून.

तिसरं, बाजूने बांधा बघा. तोंडाची सवय होते, बांध्याची होत नाही, हे मी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं बघत आलो आहे. बांधा मोजायला चाक हेच माप धरायचं. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे तसलीच किती चाकं मावतील? चार मीटरच्या आतल्या सेडानमध्ये साधारण तीन मावतात, साडेचार मीटरच्या सेडानमध्ये तीनहून थोडी जास्त. मग पुढच्या चाकापुढे किती गाडी उरते आणि मागच्या चाकामागे किती ते बघा. शेवटी हात लांब करून एक डोळा मिटा आणि तळव्याने डिकी झाका. झाकल्यावर गाडी पूर्ण वाटली, तर ती डिकी मागून चिकटवलेली आहे असं समजा.

अशा तोडक्या डिकीमागे कारण आहे, आणि ते कळलं की निम्मा राग उतरतो. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. २००८ ची मारुतीची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ मध्ये नवी आली ती ३९९५ ची. साडेसहा इंच कमी झाले आणि ते डिकीतून गेले. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्याकडचा कारागीर म्हणाला, "हिले मागून धडक बसली का?" आजही ही रेघ आहेच. सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठीवर ४०. तेव्हा आखूड डिकीवरून घरात वाद असेल तर कागदावर दोन्ही गाड्यांच्या ऑन रोड किमती शेजारी-शेजारी लिहा आणि विचारा, हे साडेसहा इंच आपल्याला केवढ्याला हवे आहेत?

एक चूक फार जण करतात. शोरूममध्ये उभी असते ती टॉप मॉडेल. अलॉयची चाकं, क्रोम, एलईडी सगळं तिच्यावर. घरच्यांचा वाद होतो तो तिच्यावरून आणि बुकिंग करतात मधल्या किंवा खालच्या मॉडेलचं, जिच्यात चाक लहान, वर प्लॅस्टिकची टोपी, पट्टीचा दिवाही कधी नाही. चाक एक इंचाने लहान झालं तरी तीच गाडी पोरसवदा वाटायला लागते. तुम्ही जी घेणार आहात तीच दाखवा म्हणावं. शोरूममध्ये नसेल तर यार्डात असेल, तिथे जाऊन बघा.

आता रंग. माझा धंदा रंगाचा, म्हणून इथे थोडा थांबतो. तोंडावरून वाद असेल तर गाडी बदलायच्या आधी रंग बदलून बघा. पांढऱ्या गाडीवर काळी जाळी म्हणजे पांढऱ्या भिंतीवरची उघडी खिडकी, नजर तिथेच जाते. तीच जाळी गडद राखाडी किंवा निळ्या गाडीत विरून जाते. उलट, क्रीज आवडल्या म्हणून गाडी घेत असाल तर काळा घेऊ नका, काळ्यात घड्या बुडतात. चंदेरी आणि राखाडी रंगांत त्या उठून दिसतात. पांढरा उन्हात कमी तापतो, हा नागपुरात मोठाच गुण आहे. गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर मी पांढराच सांगतो. लाल रंग उन्हाने लवकर फिका पडतो, बोनेट आणि छत आधी.

भाऊजींना मी त्याच मॉडेलची राखाडी गाडी दाखवायला वर्धा रोडला नेलं. एका ओळखीच्याने सहा महिन्यांपूर्वी घेतलेली, अंगणात उभी. भाऊजी तिच्याभोवती दोनदा फिरले, जाळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही त्रास नाई देत." मासोळीचा विषय तिथे संपला.

पत्रा कसा बघायचा तेही सांगतो. आमच्याकडे रंग झाला की ट्यूबलाइट हातात धरून गाडीच्या बाजूने चालतात. ट्यूबचं प्रतिबिंब फेंडरवरून, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावरून, पुढच्या दारावर, तिथून मागच्या दारावर आणि डिकीपर्यंत वाहत गेलं पाहिजे. मधे ते तुटलं किंवा लाटेसारखं हललं की तिथे पुट्टी, म्हणजे खड्डा भरायचा लेप, आहे नाहीतर घडण सैल आहे. शोरूममध्ये छतावर लांब दिवे असतात, तुम्ही हेच करा: गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी डोळा लावा आणि दिव्याच्या रेघेचा पाठलाग करा. चांगल्या गाडीत ती रेघ एका दारावरून दुसऱ्या दारावर जाताना अडखळत नाही. माझ्या कित्येक गिऱ्हाइकांना "का कोण जाणे, आवडते" असं ज्या गाडीबद्दल वाटत असे, तिच्यात ही रेघ सरळ असे.

धारदार क्रीजवर डेंट पडला तर तो काढायला आम्हाला दुप्पट वेळ लागतो, कारण धार पुन्हा तशीच उठवावी लागते. साध्या गोलाईच्या दारावर ते लवकर होतं. इतवारीच्या गर्दीत गाडी रोज जाणार असेल तर हा हिशेब धरा. दिव्याच्या पट्टीबद्दल सर्व्हिस सेंटरला आधीच विचारा: ठोकर लागली तर तुकडा मिळतो की अख्खी पट्टी बदलावी लागते, आणि केवढ्याला?

"नंतर बदलून घेऊ" या भरवशावर गाडी घेऊ नका. रंग बदलला तर आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. जे रूप आज आहे तेच दहा वर्षं आहे असं धरून ठरवा.

मीही नाक मुरडलेलं आहे. होंडा सिटी १९९८ मध्ये आली ती बसकी, लांब बोनेटची होती. २००३ मध्ये नवी आली ती उंच, आखूड नाकाची. मी गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ही चालणार नाही. मग ती कामाला यायला लागली. मी मागच्या सीटवर बसलो, डोक्यावर जागा, पायाशी जागा, आणि कळलं की उंची कशासाठी दिली आहे. दोन वर्षांत ते नाक मला दिसेनासं झालं. महिंद्रा-रेनॉची लोगान २००७ मध्ये आली तेव्हाही लोक तिला खोका म्हणाले. तो खोकाच होता. खर्च वाचावा म्हणून डावा आणि उजवा आरसासुद्धा एकाच घडणीचा. पण तीन जण मागे ऐसपैस बसत आणि डिकी ५१० लिटरची होती. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी माझ्यासमोर कधी तिच्या रूपाची तक्रार केली नाही.

म्हणून शेवटचा कौल घेताना मतं सारखी मोजू नका. रोज चालवणाऱ्याचं आणि रोज मागे बसणाऱ्याचं मत जड. गल्लीतल्या मित्रांचं, शेजाऱ्यांचं मत धरूच नका. आठ दिवस थांबा. एका संध्याकाळी छत्रपती चौकात उभं राहून जाणाऱ्या गाड्या बघा, धुळीने माखलेल्या, दोन वर्षं वापरलेल्या. आठ दिवसांनी चिठ्ठ्या पुन्हा लिहा. जे पहिल्या चिठ्ठीत होतं आणि दुसरीत नाही, ते सोडून द्या. दोन्हींत जे आहे ते ऐका.

ताईच्या दुसऱ्या चिठ्ठीत विहीर होतीच. आजींच्या म्हणण्यात डोकं होतंच. भाऊजींचा कागद कोरा. तेव्हा मी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, "बेटा, तुझ्या गाडीचं तोंड जिंकलं, पण मागचं दार हरलं." तो दोन दिवस बोलला नाही. मग स्वतःच दुसऱ्या एका सेडानची टेस्ट ड्राइव्ह घेऊन आला, सरळ खिडकीची, उंच दाराची, आणि पहिल्यांदा आजींना मागे बसवलं. तीच घेतली, पांढरी.

काटोलजवळ आमचं गाव आहे. दिवाळीत सगळे तिकडे गेले. ताई मागे, डाव्या खिडकीशी. पोचल्यावर तिने मला फोन केला आणि गाडीबद्दल काहीच बोलली नाही. रस्त्याने कोणाकोणाच्या बागेत संत्र्याला किती फळ धरलं आहे, तेच सांगत राहिली.