विमानप्रवास किती तासांचा? हिशेब करताना या चुका टाळा

तिकिटावर लिहिलेलं असतं: टोकियोहून संध्याकाळी ५ ला उड्डाण, लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १० ला आगमन. म्हणजे सुटण्याच्या सात तास आधीच विमान पोहोचलं! तिकीट बरोबर असतं, वजाबाकी आपली चुकते. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते, त्यामुळे एकातून दुसरी थेट वजा करून चालत नाही. आधी दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच मानल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, आणा. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून विमान सुटलं यूटीसी सकाळी ८ ला. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणून पोहोचलं यूटीसी संध्याकाळी ६ ला. प्रवास झाला १० तासांचा. तारीख पुढे सरकली नाही, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली; ती पूर्वेकडे ओलांडली की तारीख एक दिवस मागे येते.

‘हिवाळ्यात’ हा शब्द मुद्दाम घातलाय. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे करतात, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मधल्या दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्कमधला नेहमीचा ५ तासांचा फरक ४ वर येतो. तेव्हा पाठ असलेला आकडा वापरलात, तर न्यायला येणारा माणूस तासभर ताटकळलाच म्हणून समजा.

दुसरी चूक अंतराची. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ हा जवळचा रस्ता नव्हे. पृथ्वीगोलावर लंडन ते लॉस एंजेलिस दोरा ताणून बघा, तो ग्रीनलंडवरून जातो. हे अंतर साधारण ८,७५० किमी भरतं. आकडा मैलांत दिसला तर कुठला मैल तेही बघा: नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, साधा १.६०९ किमीचा.

आता ८,७५० ला विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागलं की पावणेदहा तास येतात. प्रत्यक्षात अकरा तरी धरा. वेळापत्रकातली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीकडे रांगत जाणं, चढणं, उतरणं, रांगेत घिरट्या घालणं सगळं त्यात येतं. शिवाय पश्चिमेला जाताना जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा समोरून येतो. म्हणून लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ८ तास, आणि परतीला ७ किंवा त्याहूनही कमी. जायची वेळ दुप्पट करून जाण्यायेण्याचा हिशेब मांडू नका.

जुने आकडेही तपासून घ्या. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेराच्या घरात गेला. शहरं जागच्या जागी, रस्ता तेवढा लांबला.

आणि ‘डायरेक्ट’ या शब्दावर माझा तरी भरवसा नाही. उड्डाण क्रमांक तोच ठेवून विमान मध्ये कुठेतरी उतरलं, तरी ते डायरेक्टच म्हणवतं. न थांबता जायचं असेल तर ‘नॉनस्टॉप’ लिहिलंय का ते बघा, आणि एकूण वेळेत मधला मुक्काम धरलाय का तेही.